‘अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ आणि सायटेशनचे गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती ते दिवाळी या काळात राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्हा आवृत्तीत एक बातमी ठरलेली असते. ‘येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून निवड.’ खाली पुष्पगुच्छाचा फोटो, संस्थाचालकांचे अभिनंदन आणि जमल्यास एच-इंडेक्स (पेपरांची संख्या आणि त्यांचे सायटेशन एकत्र मोजणारा आकडा) व सायटेशन (इतर शोधनिबंधांत, म्हणजे पेपरांत, मिळालेले संदर्भ) यांचे आकडे. बातमी बहुधा खोटी नसते. पण हे आकडे कोणी, कोठून, कधी मोजले, ते बातमीत नसते. धावा किती केल्या ते छापायचे आणि सामना कसोटीचा होता की गल्लीतला ते सांगायचे नाही, असा हा प्रकार आहे. बढती, निवड समिती, पीएचडीचा गाइड निवडणे आणि आता तर रुग्णाने डॉक्टर निवडणे इथपर्यंत हे आकडे पोहोचले आहेत. त्यामुळे जैववैद्यकीय संशोधकाची प्रकाशनांची नोंद कशी तपासावी, हे जरा तपशिलात लिहितो.

आधी ही यादी काय आहे ते पाहू. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली ‘पीएलओएस बायॉलॉजी’ या नियतकालिकात ती मांडली. तिच्यासाठी लागणारी सगळी माहिती एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या ‘स्कोपस’ माहितीसाठ्यातून येते. कोणी अर्ज करत नाही, समिती बसत नाही, विद्यापीठ कोणाची निवड करत नाही. संगणक सूत्र चालवतो आणि एक्सेलची फाइल तयार होते. तीत दोन लाखांहून अधिक नावे असतात आणि त्यांतले काही शास्त्रज्ञ हयातही नसतात. फाइल कोणालाही फुकट उतरवून घेता येते, आणि बातमी छापण्यापूर्वी ती उघडायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

खरे तर दरवर्षी फायली दोन असतात. एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. एका वर्षाच्या यादीचा अर्थ ‘त्या वर्षी उत्तम पेपर लिहिले’ असा घेतला जातो, तो चूक आहे. आधी कधीही लिहिलेल्या पेपरांना त्या एका वर्षात किती सायटेशन मिळाले, एवढेच ती सांगते. बातमीत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. कारकिर्दीची यादीही शब्दशः कारकिर्दीची नाही: पेपर १९६० पासूनचे धरतात आणि त्यांना मिळालेले सायटेशन १९९६ पासूनचे. स्तंभांच्या नावांतच ही वर्षे लिहिलेली आहेत, पण ती वाचतो कोण!

फाइलमध्ये देशाच्या स्तंभात भारताचा तीन अक्षरी संक्षेप निवडावा, मग संस्थेचे नाव पाहावे. नाव आडनावापासून सुरू होते. पुढे चार स्तंभ बारकाईने बघण्यासारखे आहेत. पहिला उपविषयाचा. सगळ्या शास्त्रज्ञांची वाटणी २२ विषय आणि १७४ उपविषयांत केलेली आहे आणि प्रत्येकाला त्याचे सर्वाधिक पेपर ज्यात पडतात तो उपविषय मिळतो. त्या उपविषयातला क्रमांक आणि उपविषयातली एकूण माणसे शेजारी-शेजारी दिलेली असतात. भागाकार केला की खरी टक्केवारी निघते. दुसरा स्तंभ स्वतःच्याच पेपरांना दिलेल्या सायटेशनच्या टक्केवारीचा. तिसरा एकूण सायटेशन भागिले सायटेशन देणारे वेगवेगळे पेपर, या गुणोत्तराचा. ते खूप फुगलेले असेल तर थोडेच पेपर एकाच माणसाचे वीस-वीस संदर्भ एकदम देत आहेत, असा संशय घ्यायला जागा आहे. चौथा, २०२४ पासून जोडलेला, मागे घेतलेल्या (छापून झाल्यावर रद्द ठरवलेल्या) पेपरांचा. या चार स्तंभांतले काहीच कधी बातमीत आलेले दिसत नाही.

क्रमवारी लागते ती सहा घटकांच्या बेरजेवर. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येने भागलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांचे सायटेशन, एकट्याने किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेल्यांचे, आणि एकट्याने, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्यांचे. प्रत्येकाचा लॉगॅरिदम काढून, त्या घटकातल्या जगातल्या सर्वोच्च आकड्याशी त्याचे प्रमाण धरून, सहाही मिळवतात. सहापैकी तीन घटक लेखकाच्या स्थानावर आणि चौथा लेखकांच्या गर्दीवर आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणूनच पाच हजार सायटेशनवाला यादीबाहेर राहतो आणि दोन हजारवाला आत येतो. यात घोटाळा नाही, सूत्रच तसे आहे. यादी टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ती पुष्कळ शहाणी आहे. तक्रार आहे ती तिच्या वाचनाबद्दल.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. संशोधकाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि क्रमांक व सायटेशन ताडत खाली यायचे. समजा आठ पेपरांना अनुक्रमे १२०, ४५, ३०, ९, ६, ५, २ आणि ० सायटेशन आहेत. पाचव्या क्रमांकावर ६ आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्यावर ५ आहेत, ते सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ५. आता पहिल्या पेपरला १२० ऐवजी ३,००० सायटेशन असते तरी उत्तर ५ च! एखादा युगप्रवर्तक पेपर लिहिणारा आणि पाच बेताचे पेपर लिहिणारा या मापात एकाच ओळीत उभे राहतात. शिवाय हा आकडा वयाबरोबर चढत जातो आणि सहसा उतरत नाही. संशोधन सोडून प्रशासनात गेलेल्या अधिष्ठात्यांचाही चढतच असतो. तेव्हा पस्तिशीतल्या सहायक प्राध्यापकाचा १२ आणि साठीतल्या विभागप्रमुखाचा २० यांची तुलना करायची तर पहिला पेपर कोणत्या वर्षी आला, ते शेजारी हवेच.

माणूस एक आणि एच-इंडेक्स तीन, हेही रोजचेच. गुगल स्कॉलरवर सर्वांत मोठा, स्कोपसवर कमी, वेब ऑफ सायन्सवर बहुधा आणखी कमी. कारण सरळ आहे: गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकातली प्रकरणे, संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफ, सगळेच वेचतो; बाकीचे दोघे आधी निवडलेल्या नियतकालिकांपुरतेच मोजतात. अर्जात बहुतेक जण गुगलचाच आकडा लिहितात. फुकट आहे आणि मोठाही आहे! गुगलचे प्रोफाइल ‘नवे पेपर आपोआप जोडा’ या सोयीवर ठेवले की नामसाधर्म्याने दुसऱ्याचे पेपर आत येतात, आणि ते काढण्याची घाई कोणालाच नसते. निवड समितीतल्या सदस्याने एवढेच करावे: प्रोफाइलमधली यादी वर्षानुसार लावावी आणि पहिला पेपर उमेदवाराच्या एमबीबीएसच्या आधीचा तर नाही ना, ते पाहावे. पेशी-जीवशास्त्राच्या माणसाच्या नावावर स्थापत्य अभियांत्रिकीचे पेपर दिसले की पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

गुगलचा आकडा किती सहज फुगवता येतो, याची दोन उदाहरणे नोंदलेली आहेत. सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ‘आयक अँटकेअर’ नावाचा अस्तित्वात नसलेला शास्त्रज्ञ उभा केला, संगणकाकडून १०१ निरर्थक पेपर लिहून घेतले आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ वर नेला. २०२४ मध्ये रीझ रिचर्डसन आणि निक वाइझ यांनी लॅरी नावाच्या मांजराला संशोधक केले. मांजराच्या नावावर १२ पेपर, त्यांना संदर्भ देणारे वेगळे बनावट पेपर, आणि एवढ्यावर १३२ सायटेशन व एच-इंडेक्स ११. सायटेशन विकणाऱ्या टोळ्या नेमके हेच करतात, हे त्यांना दाखवायचे होते. गुगलने ते सायटेशन नंतर काढून टाकले. आपल्याकडच्या कित्येक सहायक प्राध्यापकांच्या पुढे ते मांजर तोवर गेलेले होते.

जैववैद्यकात काम करणाऱ्याची नोंद पाहण्याची पहिली जागा म्हणजे पबमेड ही वैद्यकीय पेपरांची सूची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९७ पासून ती सर्वांना मोफत खुली केली आहे. शोधचौकटीत रोमन लिपीत आधी आडनाव, मग आद्याक्षरे आणि चौकोनी कंसात ‘एयू’ ही दोन अक्षरे टाकायची. ऐकायला सोपे आहे, पण ठेचा इथेच लागतात. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांचे उदाहरण घ्या. ‘बंग’ हे आडनाव रोमन लिपीत डेन्मार्कमध्येही आहे आणि कोरियातही. आडनावापुढे ‘ए’ एवढेच आद्याक्षर दिले तर पबमेड त्या अक्षराने सुरू होणारी सगळीच आद्याक्षरे ओढून आणते. नाव अवतरणचिन्हांत दिले तरच शोध नेमका होतो. पण नेमका केला की ‘एटी’ या जोड आद्याक्षरांनी नोंदलेले जुने पेपर निसटतात, आणि डॉ. बंग यांचे महत्त्वाचे पेपर तर त्याच नावाने आहेत. मग संस्थेच्या पत्त्यात ‘गडचिरोली’ शोधावे असे वाटते. तिथेही मेख आहे: १९८८ पूर्वीच्या नोंदींत पत्ताच नाही, आणि तेव्हापासून २०१३ पर्यंतच्या नोंदींत पत्ता सहसा फक्त पहिल्या लेखकाचा. सर्व लेखकांचे पत्ते २०१४ पासून येऊ लागले. पूर्ण पहिले नावही २००२ च्या आधी नोंदवत नसत. म्हणून दोन-तीन प्रकारे शोध घ्यायचा, निकाल एकत्र करायचे आणि सहलेखकांची नावे पाहून हाताने वेचायचे. दुसरा मार्ग नाही. ज्यांचे आडनाव पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे किंवा देशमुख आहे त्यांनी तर ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक घेऊन प्रत्येक पेपरला जोडावाच. तो २०१२ पासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे.

अशी वेचून केलेली यादी समोर आली की काय दिसते? डॉ. राणी बंग पहिल्या लेखिका असलेला १९८९ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर, ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांविषयीचा. १९९० चा, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच, मुलांच्या न्यूमोनियाच्या मृत्यूंविषयीचा. ४ डिसेंबर १९९९ च्या अंकातला घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग: ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बाईने ती काळजी घेतली, ४७ गावे तुलनेला होती, आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. मग २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’ची पुरवणी, जिच्यात त्याच प्रयोगावरचे पेपर ओळीने आहेत. एका प्रयोगाचे अनेक पेपर म्हटले की ‘तुकडे पाडून छापले’ अशी शंका येते. अशा वेळी प्रत्येक पेपरचा प्रश्न वेगळा आहे का ते तपासायचे. इथे एक पेपर जन्मतः गुदमरलेल्या बाळांचा, एक कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा; प्रश्न वेगळे, उत्तरे वेगळी. तुकडे पाडलेल्या पेपरांत नमुना तोच, पद्धत तीच, तक्तेही जवळपास तेच असतात आणि फक्त शीर्षकातली व्याधी बदलते.

या नोंदीत दुसरी एक गोष्ट दिसते, जी सायटेशनच्या कोणत्याच मोजणीत उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत तोच कार्यक्रम देशभर सुरू केला. आशाताईंच्या प्रशिक्षणपुस्तिकेला किंवा शासननिर्णयाला स्कोपस सायटेशन म्हणत नाही. धोरणपत्रांतले उल्लेख मोजणारे ओव्हर्टनसारखे वेगळे माहितीसाठे आता आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाबाबत तेही बघायला हवेत.

लेखकाचे स्थान हा पुढचा मुद्दा, आणि वैद्यकात सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात. रूढी अशी की पहिला लेखक प्रत्यक्ष काम करणारा, शेवटचा लेखक गट चालवणारा, आणि पत्रव्यवहाराचा लेखक पेपरला जबाबदार. मधली नावे उतरत्या वाट्याने. पण एच-इंडेक्स सगळ्यांना सारखेच माप घालतो. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचा धाराशिव) १,३१,७४६ स्त्रियांवरचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा पेपर घ्या. पहिले लेखक फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, दुसरे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने, शेवटच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. केतायून दिनशॉ. मध्ये मोठी नामावळी. एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले, हा निष्कर्ष. खेडोपाडी वर्षानुवर्षे चाललेल्या अशा कामात मधल्या नावांनाही खरे काम असते. पेपरच्या शेवटी कोणी काय केले याची नोंद दिली असेल तर ती वाचावी.

दुसऱ्या टोकाला, सिएटलच्या आयएचएमई या आरोग्याची आकडेवारी काढणाऱ्या संस्थेच्या समन्वयाने होणारे जागतिक रोगभाराचे पेपर आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, २०४ देश-प्रदेशांतल्या ३६९ आजार व इजांचा पेपर त्यांपैकी एक. लेखक हजाराच्या घरात, सायटेशन हजारोंनी. असे आठ-दहा पेपर नावावर आले की एकूण सायटेशन एकदम उसळतात, आणि त्या माणसाचा स्वतःचा विषय मात्र कशात आहे ते कळतच नाही. यादीतला तिसरा घटक, सहलेखकांनी भागलेला एच-इंडेक्स, नेमका यासाठीच आहे. हजार लेखकांच्या पेपरचा एकाच्या वाट्याला त्यात हजारावा भाग येतो. म्हणून बातमीदाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या पाच पेपरांत आपण कितव्या क्रमांकाचे लेखक आहात? उत्तर लांबायला लागले की काय ते समजावे.

विभागप्रमुखांचे नाव घालण्याच्या प्रथेबद्दल फार लिहीत नाही. ती सर्वांना माहीत आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी मात्र भिंतीवर लावाव्यात अशा आहेत: कल्पना-आराखड्यात किंवा माहिती गोळा करण्या-तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा बौद्धिक अंगाने तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तरदायित्व. चारही हव्यात. निधी मिळवला, खाट उपलब्ध करून दिली, सही केली, यांपैकी कशानेही लेखकपण मिळत नाही. त्यासाठी आभाराचा परिच्छेद असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बढतीसाठी पहिले तीन किंवा पत्रव्यवहाराचा लेखकच धरायचे ठरवले, तेव्हापासून भांडण नावावरून सरकून क्रमांकावर आले, इतकेच.

पेपर कोणत्या प्रकारचा, यानेही आकडे बदलतात. परीक्षणपर लेख आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना यांना मूळ संशोधनापेक्षा जास्त संदर्भ मिळतात. एका रुग्णाच्या अहवालाला फार थोडे. पद्धतीच्या पेपरांची तर गोष्टच निराळी. प्रथिनाचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर हा जगातला सर्वाधिक सायटेशनचा पेपर. २०१४ मध्येच त्याने तीन लाख ओलांडले होते. डीएनएच्या दुहेरी गोफाचा १९५३ चा पेपर त्या वेळच्या पहिल्या शंभरात नव्हता. प्रयोगशाळेत रोज लागणारी कृती रोज उद्धृत होते. शोध मात्र पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा संदर्भ द्यायची गरज कोणाला वाटत नाही. आपल्याकडचे याचे ठळक उदाहरण बॉम्बे रक्तगटाचे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो दोन पानांत मांडला. आज जगभरच्या रक्तपेढ्या हे नाव वापरतात, पण रोजच्या कामात त्या दोन पानांचा दाखला कोण देतो? त्यातून १९६० ची मर्यादा असलेल्या यादीच्या हिशेबात तो पेपर बसतच नाही.

म्हणून सायटेशनची तुलना विषय आणि वर्ष धरूनच करावी. अमेरिकेच्या एनआयएचचे (राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे) ‘आय-साइट’ हे साधन यासाठी फुकट आहे. पबमेडमधून त्या माणसाच्या पेपरांचे क्रमांक उचलायचे आणि तिथे चिकटवायचे. प्रत्येक पेपरपुढे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर येते. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या, एनआयएचच्या निधीतून झालेल्या मधल्या पेपराइतका. २ म्हणजे त्याच्या दुप्पट. पबमेडबाहेरचे पेपर यात येत नाहीत आणि अगदी ताज्या पेपरांचे गुणोत्तर डळमळीत असते, हे धरून चालावे.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. तो नियतकालिकाचा असतो, माणसाचा नसतो आणि पेपरचाही नसतो. २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून एखाद्या नियतकालिकाने २०० लेख छापले आणि २०२४ मध्ये त्या दोन वर्षांच्या मजकुराला ५०० सायटेशन मिळाले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. तो २०२५ च्या जूनमध्ये क्लॅरिव्हेट कंपनी जाहीर करते. हिशेबात एक फट आहे: वरच्या बाजूला संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेले सायटेशनही धरतात, खाली भागताना मात्र फक्त संशोधन आणि परीक्षणलेख. शिवाय ही सरासरी आहे आणि थोड्याच पेपरांवर उभी असते. ‘लॅन्सेट’चा आकडा २०२० साठी ७९ च्या आसपास होता, करोनाच्या पेपरांमुळे २०२१ साठी २०२ च्या वर गेला आणि २०२३ साठी ९८.४ वर आला. नियतकालिक तेच! तेव्हा ‘माझ्या पेपरांचा एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ८५’ अशी बेरीज बायोडेटात दिसली तर तिला काही अर्थ नाही. डोरा या नावाने ओळखला जाणारा, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ पासून हेच सांगतो आहे. क्लॅरिव्हेटखेरीज ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असली बिरुदे लावून कोणी इम्पॅक्ट फॅक्टर देत असेल, तर ते नियतकालिक तिथेच बाजूला ठेवावे.

तसेच ‘पबमेड इंडेक्स्ड’ या शिक्क्याचे. पबमेडमध्ये मुख्यतः तीन प्रकारची नोंद येते. पारखून घेतलेल्या मेडलाइन नियतकालिकांची, पबमेड सेंट्रल या संपूर्ण मजकुराच्या संग्रहातली, आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या नियमामुळे एखाद्या लेखकाने जमा केलेल्या सुट्या पेपरची. या तिसऱ्या प्रकारामुळे एखाद्या सुमार नियतकालिकाचा एखाद-दुसरा पेपर पबमेडमध्ये दिसतो आणि तेवढ्या भांडवलावर ते ‘पबमेड इंडेक्स्ड’ अशी जाहिरात करते. खातरजमा करायला त्याच ग्रंथालयाची तालिका उघडून नियतकालिकाच्या नावापुढे ‘सध्या मेडलाइनसाठी अनुक्रमित’ अशी इंग्रजी नोंद आहे का ते पाहावे. स्कोपसच्या बाबतीत नियतकालिक आज आहे की नाही यापेक्षा पेपर छापला त्या वर्षी होते का, हे महत्त्वाचे; दर्जा घसरल्याने वगळलेल्यांची यादी स्कोपस वेगळी देते. नावाजलेल्या नियतकालिकाचे हुबेहूब संकेतस्थळ उभारून पैसे घेणारेही आहेत, म्हणून पत्ता माहितीसाठ्यातूनच घ्यावा, ईमेलमधल्या दुव्यावरून नव्हे.

आपल्या विद्यापीठांनी हे किती ढिलाईने हाताळले, याचा पुरावा पुण्यातूनच आला. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या आणि इतर माहितीसाठ्यांत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे आता पारख करणे महाविद्यालयाच्या ग्रंथपालाच्या आणि समितीच्याच अंगावर आहे.

मागे घेतलेल्या पेपरांचा मुद्दा राहिला. एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा, १२ मुलांवरचा वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. तरी त्याचे सायटेशन वाढतच राहिले; बहुतेक ‘हा चुकीचा होता’ असे सांगणारे. मोजणीला ते कळत नाही, तिला प्रत्येक उल्लेख सारखाच. २०२३ या एका वर्षात जगात दहा हजारांहून अधिक पेपर मागे घेतले गेले, त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी प्रकाशनाचे. तेव्हा कोणाच्याही पेपरांची यादी हाती आली की मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीसाठ्यात नाव टाकून बघावे, तो २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुला आहे. पेपर मागे घेतला म्हणजे लबाडीच, असे मात्र नव्हे. प्रामाणिक चूक स्वतःहून कळवून मागे घेणारेही असतात, म्हणून सोबतची सूचना वाचल्याशिवाय नाव छापू नये.

आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की अशा बातमीत आकड्यापुढे माहितीसाठ्याचे नाव आणि तारीख लिहावी, यादी कारकिर्दीची की एका वर्षाची ते सांगावे, उपविषयातला क्रमांक द्यावा आणि स्वतःच्या सायटेशनची टक्केवारी सोडू नये. जागा उरली तर पुष्पगुच्छाच्या फोटोऐवजी त्या व्यक्तीच्या एका पेपरात काय सापडले ते दोन ओळींत लिहावे. वाचकाला तेच हवे असते.

आणि यादीत ज्यांचे नाव चुकले किंवा दोन प्रोफाइलमध्ये विभागले गेले, त्यांच्यासाठी: दुरुस्ती स्टॅनफर्डला पत्र लिहून होत नाही. ती स्कोपसच्या लेखक-प्रोफाइलवर, तिथल्या दुरुस्तीच्या अर्जातून करावी लागते. दोन प्रोफाइल एक करायची असतील तर दोन्हींचे क्रमांक द्यावेत, परके पेपर एकेक करून वगळावेत आणि चालू संस्था तपासावी. २०२४ आणि २०२५ च्या याद्यांसाठी १ ऑगस्टची स्थिती धरली गेली. त्यामुळे जूनअखेर अर्ज गेला तर बरे; सप्टेंबरात यादी पाहून केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच दिसेल.

आपला विश्वासू,
एक वैद्यकीय ग्रंथपाल, पुणे